फोडणीची पळी

तो वडाभात माझा होता, तुमचा नव्हता. हे आधी सांगते, आत्याबाई, पाया मग पडते. तुम्ही सासू म्हणून जित्या होत्या तोवर मला तोंड उघडू दिलं नाही, आता मध्ये कोण बोलणार.

नणंदेच्या लग्नाची पंगत आठवा. नुकतीच राज्यांची वाटणी झाली होती. नागपूर-काटोल मुंबईकडं गेलं, आपण पांढुर्ण्याचे भोपाळच्या राज्यात राहिलो. वऱ्हाड काटोलचं. नवऱ्या मुलाची आई पाटावर बसायच्या आधीच बोलली, "विहीणबाई, तुम्ही आता भोपाळवाल्या. वडाभात करता का विसरून राहिल्या?" बाया फिदीफिदी हसल्या. तुम्ही चुलीपाशी आल्या, पळी उचलली तर रागानं तेल चुलीत सांडलं. आपल्यात फोडणीची पळी पंगतीत घरची मालकीणच फिरवते. मी डाळी वाटायच्या, वडे तळायचे, भात मोकळा करायचा, अन् मग दाराआड उभं राहायचं. "तुझा हात जड आहे," तुम्ही म्हणायच्या. त्या दिवशी मात्र पळी माझ्या हातात कोंबली. "जा. सांडलीस तर माहेरी जाशील."

गेले. तुमच्यासारखी डाळ मी बारीक वाटलीच नव्हती. सौसरला माझी माय भरड ठेवायची, तुरीची जास्त घालायची, तसंच केलं होतं. तुम्ही मांडवात गुंतल्या होत्या, पाहतं कोण. गरम भातावर वडा कुस्करलेला, त्यावर हिंग-मोहरी अन् लाल मिरचीचं कडकडीत तेल. पानावर चर्र वाजलं पाहिजे. वाजलं. विहीण मागून मागून जेवते, बोटं चाटते अन् विचारते, "केला कोणी?" मी पळी धरून समोर उभी, अन् तुम्ही म्हणता, "मी. दुसरं कोण करणार?"

पळी तुम्ही परत मागितली नाही, हे खरं. तेव्हापासून बारसं असो का लग्न, भाताच्या गंजापाशी मीच. जाम नदी ओलांडून सावरगावच्या बाया बोलवायला येत. परवा नातू म्हणे, "आजी, केटरर सांगू का?" म्हटलं, सांग, भांडी घासायला.

उद्या त्याचं साक्षगंध. मुलीकडचे नागपूरचे, तोंडानं तिखटच असतील. माझे गुडघे गेले, सारं सून करून राहिली. तिनं वड्यात ओवा घातला, मला न विचारता. चाखून पाहिलं. चांगलं लागलं. तसं तिला सांगितलं नाही, पळी मात्र दिली.

हे पत्र टाकू कुठं, तिकडं डाकवाला जात नाही. पिठाच्या डब्याखाली राहील. एक सांगून टाकते: इतकी वर्षं तेल ओतायच्या आधी मी मागं वळून पाहत आले, तुम्ही पाहून राहिल्या का म्हणून.

उद्या पाहुण्यांनी विचारलं केला कोणी, तर तुम्ही बोलायचं नाही. मीही नाही. सून बोलेल.