टॉवेलखाली शिकलेले आकडे

आप्पांना,

रविवारी फोनवर मी म्हणाले की इथे नेदरलँड्समध्ये तुमच्याबद्दल कुणी विचारलं नाही. ते खोटं होतं. वर्गातल्या लोटे नावाच्या मुलीने विचारलं, "वडील काय करतात?" तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी म्हणाले, शेतकरी आहेत.

"गाई किती?"

"दोन."

"दोनच? मग दिवसभर करतात काय?"

सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

विमानतळावर तुम्ही बजावलं होतं, "तिकडं गुरांचा दलाल म्हनू नको गं, लोक नावं ठेवत्यात." पण शाळेत जायच्या आधी मी आकडे शिकले ते घोडेगावच्या गुरांच्या बाजारात. इतरांना भाव कळू नये म्हणून टॉवेलखाली माझी बोटं दाबून तुम्ही तो सांगायचात, आणि मी चुकले की म्हणायचात, "बुडवलास की गं माझा धंदा!" गाईचे दात बघून वय ओळखायलाही तुम्हीच शिकवलंत. कृषी कॉलेजने सहा महिन्यांच्या एक्स्चेंजसाठी मला निवडलं ते त्याच जोरावर.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचलंत तर नको म्हणाल, आणि तुम्ही नको म्हणालात की माझा धीर सुटतो. पण एवढं तुमचं ऐकणार नाही. इथे वर्गात प्रत्येकाला घरच्या व्यवसायावर बोलावं लागतं, आणि आता माझी पाळी आली आहे. मी दलाल हाच शब्द सांगणार, टॉवेल टाकून त्याखाली लोटेचा हात धरणार आणि सगळ्या वर्गासमोर सौदा करणार. शुक्रवारी, सतरा एप्रिलला, तुमच्या बाजाराच्याच दिवशी.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
धनश्री