ह्यांचे पानाने रंगलेले ओठ

शनिवार, पिपलानी

उद्या ह्यांचं वर्षश्राद्ध आणि भिंतीवर लावायला फोटो नाही. हे कारखान्याचे फोटोग्राफर; तिथल्या सगळ्यांचे फोटो ह्यांनी काढले, ह्यांचा कोणीच काढला नाही. मोबाइलमध्ये एक सापडला. रंगीत, पान खाऊन हसताना.

मीनू म्हणाली, "बाबांना रंगीत आवडायचं नाही. जुन्या फिल्मसारखा ब्लॅक अँड व्हाइट करते." लॅपटॉपवर तिनं फिल्मचे दाणे आणले, मग लाल रंग उजळ-गडद करायची पट्टी उजवीकडे, उजळ बाजूला सरकवली, तर ओठ एकदम स्वच्छ!

"आई, देख ना, बाबांचं पान सुटलं!"

तीस वर्षं बोलून मला जे जमलं नाही... दोघी खूप हसलो. श्राद्धाच्या आदल्या दिवशी बरं दिसतं का? असो.

उद्या पाहुणे येणार, असेच ओठ राहू दे, असं मीच म्हटलं. पण बघत राहिले तसा माणूस परका वाटायला लागला. कुणीतरी साहेबच. शेवटी पट्टी डावीकडे न्यायला लावली. ओठ काळेभोर झाले.

"इतके?"

"इतकेच होते."

उद्या ह्यांच्या नावानं वाढलेल्या पानाजवळ एक विडा ठेवायचा असतो. मी दोन ठेवणार आहे.