मास्तर, पोरगं आलं

दादा, तुमचा काकाकुवा सापडला. गुलमंडीतल्या शेठच्या कापडदुकानात तुमच्या शिलाई मशीनच्या शेजारी टांगलेला तो पांढरा पक्षी. पिवळा तुरा, डाव्या पायाचं एक बोट अर्धं तुटलेलं. मला वाटलं होतं, तो तुमच्याही आधी गेला असेल. शेठ वारले, दुकान बंद झालं आणि पिंजरा त्यांच्या मुलीकडं गेला, एवढंच मला माहीत होतं. ती म्हातारी होऊन गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये वारली. मुलांनी पिंजरा गॅलरीत ठेवला आणि कुलूप लावून परगावी निघून गेली. त्याचा ओरडा ऐकून शेजाऱ्यांनी कळवलं, म्हणून तो आमच्याकडं आला.

आमच्याकडं म्हणजे दौलताबादच्या रस्त्याला टाकून दिलेल्या पक्ष्यांसाठी एक निवारा आहे, तिथं. निवृत्त झाल्यापासून मी तिथं रोज जातो. पिंजरे धुतो, पाणी बदलतो, नुसता बसतो. तिथलं सगळं बघणाऱ्या ताई म्हणतात, "सर, आपण ह्यांना जगवतो का हे आपल्याला, मला तर काय कळत नाय." असलं बोलणं मला आवडत नाही. पण एखादा काकाकुवा डोकं पुढं करून डोळे मिटतो आणि मानेवर बोट फिरवून घेतो, तेव्हा मीही बोलायचा थांबतो. विहारातही मला असं कधी गप्प होता आलं नाही.

त्या दिवशी ताईंनी पिंजऱ्यावरची चादर काढली. छातीवरची सगळी पिसं त्यानं स्वतःच्या चोचीनं उपटलेली, खाली लालसर कातडं. चार दिवस अन्नाला शिवला नव्हता. माझी नजर त्या अर्ध्या बोटावर गेली आणि माझ्या हातातली बादली कलंडली. तेवढ्यात तो ओरडला, "मास्तर!"

ताईंनी सरळ अर्थ लावला. पक्षी कुणा शाळामास्तरचा असणार. शेठच्या नातवंडांना फोन केले, ते उचलेनात. मग शहरातल्या निवृत्त शिक्षकांना निरोप गेले. दोघं आलेही. एकानं तर पिंजऱ्यापुढं उभं राहून एकोणतिसाचा पाढा म्हटला. काकाकुव्यानं बदाम उचलून त्यांच्या अंगावर फेकला. एरवी मी पोट धरून हसलो असतो, दादा. पण त्याच दिवशी डॉक्टर सांगून गेले होते, "आणखी दोनतीन दिवस बघू. नाय खाल्लं तर नळीनं घालावं लागेल, अन् तेवढा दम त्याच्यात उरलेला नाय."

ताई माझ्याकडं वळल्या. "सर, तुम्हीच बोला त्याच्याशी. तुम्ही मास्तर, तुमचे वडीलबी मास्तर."

मी बादली उचलून नळाकडं गेलो. गुलमंडीत मास्तर म्हणजे कपडे शिवणारा, हे मला माहीत होतं. मास्तर कोण तेही माहीत होतं. आणि तो काय खातो तेही. जवारीच्या भाकरीचा वरचा पापुद्रा. तुम्ही डब्यातल्या भाकरीचा पापुद्रा अलगद सोडवून त्याला द्यायचात आणि खालची जाड भाकरी स्वतः खायचात. एवढं सगळं ठाऊक असून मी तोंडाला कुलूप लावून बसलो. एक दिवस नाही, तीन दिवस.

कारण तुम्हाला माहीत आहे. आमचे वडील मास्तर होते, असं मी शाळेत सांगायचो, मग नोकरीत सांगत राहिलो. शब्द खरा, अर्थ खोटा. निरोपसमारंभात हेडमास्तरांनी माइकवरून सांगितलं की हा शिक्षकाचा मुलगा, वारसा चालवला, आणि मी हार घालून घेत मान हलवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता ह्या वयात ती उघडायची कशी?

ती पहिल्यांदा झाकली तो दिवस रोज आठवत होता. मी नववीत आहे. एरवी दुपारी मी डबा घेऊन आलो की शेठ आतून हाक द्यायचे, "मास्तर, पोरगं आलं," आणि काकाकुवा ती हाक शिकला होता. त्या दिवशी मात्र मी वर्गातल्या मित्राबरोबर आणि त्याच्या वडिलांबरोबर चाललोय, ते पँटचं कापड घ्यायला निघालेत आणि नेमके आपल्याच दुकानात शिरतात. मला बघून काकाकुवा तुरा उभारतो आणि किंचाळतो, "मास्तर, पोरगं आलं!" तुम्ही मान वर करता. मित्र विचारतो, "हे कोण रे तुझे?" मी म्हणतो, "ओळखीचे आहेत."

तुम्ही ऐकलंत. गुडघ्यावर बसून मित्राच्या वडिलांचं माप घेतलंत, आकडे लिहिलेत, आणि मग माझ्याकडं बघून परक्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलंत, "बाळ, तुझंबी माप घ्यायचं का?" माझा खोटेपणा तुम्हीच सांभाळून घेतलात. मी नको म्हणालो. रात्री जेवताना एवढंच म्हणालात, "उद्यापासून डबा नको आणू. मी सकाळीच नेत जाईन." तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण ते वाक्य अजून लागतं. पुढं मला नोकरी लागली तेव्हा माप न घेता शिवलेली पँट तुम्ही उशाशी ठेवून गेलात. कमरेला बोटभरही सैल नव्हती. मी तुम्हाला चांगली झालीये एवढंही म्हणालो नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी पोहोचलो तर काकाकुवा पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला, डोळे अर्धे मिटलेले. हाकही बंद झाली होती. मला माझीच किळस आली. तसाच घरी गेलो, माळ्यावरून तुमचं मशीन उतरवलं, भाकरी करून घेतली आणि रिक्षात मशीन घालून परत आलो. ताई बघतच राहिल्या. "सर, हे काय आणलं?"

"गुलमंडीत टेलरला मास्तर म्हणतात," मी म्हणालो. "हा टेलरचा पक्षी आहे."

मशीन पिंजऱ्यासमोर मांडलं. मला दोरा ओवता येत नाही. टेलरच्या मुलाला दोरा ओवता येत नाही, घ्या. मशीन तसंच रिकामं चालवायचं ठरवलं. पाय टेकवला आणि आठवलं, तुम्ही अशी सुरुवात कधी केली नाहीत. आधी हात जोडायचात, ओठातल्या ओठात त्रिशरण म्हणायचात, आणि तेवढा वेळ काकाकुवा आरडाओरडा थांबवून तुरा खाली पाडायचा. शेठ म्हणायचे, "मास्तर, ह्यानं तर दीक्षाच घेतली!" मी हात जोडले. कितीतरी वर्षांनी ते शब्द म्हटले, मध्ये अडखळलो. डोळे उघडले तेव्हा त्याचा तुरा सपाट पडला होता आणि डोळे माझ्यावर होते.

मग पाय हलवला. खडखड सुरू झाली. तो तळावरून उठला, चोचीनं गज धरत वर चढला. मी पापुद्रा पुढं केला. त्यानं तो नीट धरून ओढून घेतला. खाल्ला. दुसरा मागितला.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या हात धुवायला वळल्या आणि तिथूनच विचारलं, "सर, ते मास्तर तुमचे कोण?"

तोच प्रश्न, दादा. ह्या वेळी मी उत्तर दिलं. "माझा बाप," म्हणालो.

आता तो बरा आहे. छातीवर बारीक पांढरी लव फुटलीये. हे पत्र तुमच्या मशीनच्या खणात ठेवतोय, मशीन आता तिथंच असतं. फक्त एक सांगायचं राहिलं. मी उत्तर दिलं तेव्हा नळ सुरू होता. ताईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी परत विचारलं नाही आणि मीही परत सांगितलं नाही. रोज मी फाटकातून आत आलो की तो तुरा उभारून ओरडतो, "मास्तर, पोरगं आलं!" सगळे हसतात, म्हणतात बघा, सरांना मास्तर म्हणतोय. मीही हसतो. तो मला हाक मारत नाही, तुम्हाला सांगतोय, हे अजून मी कुणाला बोललेलो नाही.