सुइरेनला बायको नाही

११ जानेवारी, रविवार

कागेचा, म्हणजे नवऱ्याच्या जुन्या बँडच्या म्होरक्याचा, फोन. इतक्या वर्षांनी. तोमोनं तो घरात घेतलाच नाही, ड्राइव्हवेत गाडीत जाऊन बसला. मी खिडकीतून बघत होते. मान हलवतोय, हसतोय आणि बोटं स्टिअरिंगवर वाजवतोय. तेव्हाच कळलं.

आत आल्यावर म्हणे, "बँड परत उभा राहतोय. लंडन, पॅरिस, कोलोन. ड्रमवर मीच हवाय म्हणतो. विचार करून सांगतो म्हटलं."

ज्याचं ठरलेलं असतं तोच विचार करतो.

१४ जाने., बुध.

झाला विचार. वेअरहाउसमधून बिनपगारी रजाही मिळाली.

बँडला मी इथे सवत म्हणणार आहे. नाव लिहायची इच्छा नाही. पण थोरली तीच, हे कबूल करायला हवं. भाषांतराच्या नोकरीवर मी पुण्याहून नागोयाला गेले तेव्हा ती नुकतीच झोपली होती. त्यांच्यात बँड मोडला असं म्हणत नाहीत. 'अनिश्चित काळ विश्रांती' म्हणतात. मला भेटलेला तोमो माझ्या बिल्डिंगखालच्या दुकानात गल्ल्यावर उभा असायचा. काळे केस, जागच्या जागी भुवया. मी त्याचं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. लग्न मी त्या माणसाशी केलं.

कागेची अट एकच. बायको-मुलगी कुठे दिसता कामा नये. अंगठी नाही, फोटो नाही, गेस्ट लिस्टवर नाव नाही. आमचं लग्न त्याला माहीत आहे, म्हणूनच अट.

"व्हिज्युअल केईत असंच असतं," तोमो म्हणाला. असतं खरं. रंगवलेले चेहरे, लेस, उभे केस, आणि समोरच्या प्रत्येकीला वाटलं पाहिजे की हा माझाच. लग्न झालेला ड्रमर कुणाला नको.

"मग तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

१ फेब्रु., रवि.

सकाळभर बाथरूममध्ये त्याच्या केसांना ब्लीच. लावलं मीच, दुसरं कोण लावणार! भुवया त्यानं स्वतः काढल्या. मीरा दारात उभी. आठ वर्षांची आहे, सगळं बघते.

"मम्मा, पापाची चेहरा कुठे गेली?"

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल. त्याच्या भादरलेल्या भुवया बघितल्या. मग हळूच मला, "अगं, जावईबापूंच्या घरी कोणी गेलं का?"

खूप हसले. फोन ठेवल्यावर नळ सोडून रडले.

१७ फेब्रु., मंगळ.

सवतीची वेबसाइट सुरू झाली. सुइरेन, ड्रम्स. हे त्याचं तिथलं नाव. रक्तगट ओ. आवडतं खाणं: स्ट्रॉबेरी. काय पण! हा माणूस थालीपिठावर लोण्याचा गोळा नसेल तर तोंड पाडून बसतो. जन्मतारीख आहे, साल नाही. चाळिशी उलटून गेली, प्रॅक्टिसहून आला की गुडघा शेकायला मी.

ऑफिसात अश्विनीला म्हटलं, मला याची मजाच वाटते. खोटं. राग येतो. खूप.

१९ मार्च, पाडवा

गुढी एकटीनं उभारली. एरवी पडद्याच्या दांडीला तोच बांधतो, त्याची गाठ पक्की. माझी सुटली, तांब्या खाली. मीरा दचकली.

तोमो लंडनला, रिहर्सलला. फोन केला तर मागे गिटारचा कल्लोळ. "उद्या बोलू हं!" आवाजात इतका आनंद की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वेअरहाउसमधून परत आल्यावर तो कधी असा बोलला नाही. इथे इंग्लंडला माझ्या नोकरीपायी आला, आणि तक्रार न करता ट्रॉल्या ढकलल्या. हे खरं आहे आणि लिहायला जड जातंय.

२७ मार्च, शुक्र.

उद्या लंडनचा शो. आमची तिकिटं मी काढली, चारचौघींसारखी, शोनंतर त्यांच्याबरोबर फोटो काढण्यासकट. मीराला जायचंच आहे. तोमोनं तिला व्हिडिओवर शिकवलं.

"तिथे पापा म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचा?"

"सुइरेन-सामा."

सामा म्हणजे थेट महाराज. तिनं परत परत म्हणून दाखवलं. शाळेच्या नाटकात मेंढी झाली होती तेव्हाही असंच मन लावून पाठ करायची. मी भांडी घासत राहिले.

२९ मार्च, रवि.

काल.

रांग कोपऱ्यावरून वळलेली. आमच्या पुढे क्रॉयडनची एक बाई, माझ्याच वयाची, नखशिखांत काळी लेस. मायाळू. मीराला बिस्किट दिलं. मग मला, "हूज गर्ल आर यू?" तिथे असं विचारायची पद्धत आहे. प्रत्येकीचा एक ठरलेला, त्याच्याच बाजूला उभं राहायचं. मी म्हटलं, ड्रमरची.

तिचे डोळेच भरून आले. "मीपण. अगदी पहिल्यापासून." तो विश्रांतीवर गेला तेव्हा ती आठवडाभर कामावर गेली नव्हती म्हणे. तिच्यावर चिडावं म्हटलं तर चिडता येईना. फसवत होतो तर आम्हीच तिला.

वाजवतो मात्र… काय वाजवतो! मी त्याला स्टेजवर कधी पाहिलंच नव्हतं. हा माणूस आमच्या घरात इतकी वर्षं मावला कसा?

मग फोटोची रांग. तो टेबलामागे, पांढरे केस, निळ्या लेन्सचे डोळे. क्रॉयडनवालीला बघताच जपानीत तिचं नाव घेऊन ओरडला, "अजून येतेस तू!" ती रडायलाच लागली.

मग आम्ही. माझ्याकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं. खाली वाकला आणि मीराला, गोड, परक्या आवाजात, "आणि तुमचं नाव काय?"

"मीरा."

लगेच निघालेल्या फोटोवर लिहिलं, लाडानं, मीरा-चानला, शेजारी बदाम काढला. मागची मुलगी "सो क्यूट" म्हणाली. मीरा कमरेत वाकून थँक्यू म्हणाली, शिकवल्याप्रमाणे. कुठेही चुकली नाही.

बाहेर आल्यावर, "मी बरोबर केला ना मम्मा? कोणाला नाही कळला ना?"

"नाही गं. कुणालाच नाही."

युस्टन स्टेशनहून ट्रेननं परतताना ती माझ्या मांडीवर झोपली. मी सारखी एकच गोष्ट घोळवत होते. त्या बाईचं नाव त्यानं विचारलं नाही.

६ एप्रिल, सोम.

तोमोचा फोन, कोलोनहून. दौरा गाजला. कागे आता जपानभर न्यायचं म्हणतोय, निदान उन्हाळा संपेपर्यंत.

"तुम्ही दोघी या ना. शाळेचं काहीतरी बघू. मला तुम्ही हव्या आहात तिथे." मनापासून म्हणत होता. त्याचा खोटा आवाज मला आता माहीत आहे, हा तो नव्हता.

"येऊ की. कोण म्हणून?"

"म्हणजे?"

"शेजारणीनं विचारलं, मीराच्या बाईंनी विचारलं, नवरा काय करतो, तर काय सांगू?"

मग अगदी समजूतदारपणे, मला मदत करत असल्यासारखं, "थांब, कागेला विचारून सांगतो."

"विचार," म्हटलं.

९ एप्रिल, गुरु.

अजून विचारतोय.

मीराला ईस्टरची सुट्टी. रेडवेच्या लाल वाटेवर सायकल चालवून आली. गाल लाल, खूश. म्हटलं, पापाला सांगायचंय का? लाव फोन.

हेल्मेट काढता काढता म्हणाली, "नको. तिकडे कोणी ऐकली तर?"