पोटापुरती कापलेली टाकी

प्रति,
माननीय अधिकारी महोदय,
वाहन फेरबदल परवानगी विभाग,
पहिला मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीस मागील बाजूने दिलेला खोलगट आकार कायम ठेवण्यास मंजुरी मिळणेबाबत, तसेच जमा करून घेतलेली टाकी व खुळखुळा परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मूळ अर्ज (मूल पोटात असताना केलेला).
२) आपल्या तपासनिसांचा शेरा : "अर्जात नमूद केलेले कारण प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले नाही."

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार आपल्या निदर्शनास आणू इच्छिते की,

१. अर्जदार मोटारसायकलींच्या सीट शिवते. अर्जदाराचे पती टाक्या ठोकतात, म्हणजे जुनी गाडी गिऱ्हाइकाच्या मनासारखी नव्याने बांधताना पत्र्याचे जे काम निघते ते करतात. दोघांचे वर्कशॉप एकच आहे आणि ते घरापासून लांब आहे. शिवलेली सीट गिऱ्हाइकाच्या दारी नेऊन बसवून द्यावी लागते, सबब अर्जदाराकडे स्वतःची मोटारसायकल आहे व ती चालवण्याचा परवानाही आहे. याबाबत सासूबाई वगळता कोणाचीही हरकत नव्हती.

२. अर्जदारास दिवस गेल्यानंतर पोट वाढू लागले. ते नियमाप्रमाणेच वाढले. टाकी मात्र होती तिथेच राहिली. टाकीचा मागचा फुगवटा पोटाला अडू लागला, आणि पोट वाचवायला मागे सरकावे तर हात हँडलला पुरेनात. सासूबाई म्हणाल्या, "आता गाडीला राम राम कर आणि घरी बस." पती म्हणाले, "पोट मागं घेता येत नाही आई, टाकी घेता येते."

३. टाकीस हात लावण्याआधी रीतसर परवानगी घ्यावी, हा आग्रह अर्जदाराचाच होता. त्याप्रमाणे आपल्या खिडकीवर अर्ज दिला. खिडकीवरच्या कारकुनांनी पोच दिली आणि म्हणाले, "काम झालं समजा." येथे पतींकडून चूक झाली, ती अर्जदार लपवू इच्छीत नाही. त्यांनी काम झालं असं समजून टाकी कापायला घेतली. आमच्या वर्कशॉपात 'काम झालं' याचा अर्थ काम झालं एवढाच होतो. इतर अर्थ आम्हाला आपल्या कार्यालयात आल्यावर कळले.

४. पतींनी टाकी रिकामी केली, साबणाच्या पाण्याने खळखळून धुतली, झाकण काढून उन्हात ठेवली. त्यानंतर अर्जदारास वर्कशॉपच्या मधोमध उभे करून पुठ्ठ्याचा साचा पोटाला लावून कापला. गिऱ्हाइके बघत होती. पतींना ओशाळल्यासारखे झाले नाही, अर्जदारास झाले. साच्यात चार बोटे जागा जास्त धरली. शिवणकामात कापड असे जास्त सोडतात, त्याला माया ठेवणे म्हणतात. मग टाकीचा मागचा भाग कापून आत घेतला, नवा पत्रा ठोकून वेल्डिंग केले आणि साबणाचा फेस लावून कुठे गळते का ते पाहिले. टेंभा मिरवण्याचा हेतू नाही, पण थेंब गळत नाही. टाकीत पेट्रोल पूर्वीपेक्षा कमी मावते, ही गोष्ट शासनाच्या विरोधात जात असल्यास अर्जदारास खेद आहे.

५. या टाकीमुळे अर्जदार अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत कामावर जाऊ शकली. मुलगी सुखरूप झाली. मुलगी झाल्यानंतर आपले तपासनीस वर्कशॉपात पाहणीसाठी आले.

६. तपासनिसांनी टेप लावून खोलगट भागाची लांबी, रुंदी व खोली मोजली आणि विचारले, "पोट कुठंय?" अर्जदाराने पाळण्याकडे बोट दाखवले. ते म्हणाले, "ते मूल आहे. अर्जात पोट लिहिलंय." अर्जदाराने सांगितले, की कारण नाहीसे झालेले नाही, बाहेर आले आहे, आता ते अर्जदाराच्या छातीशी झोळीत बांधलेले असते आणि त्याच खोलगट जागेत त्याचे पाय बसतात, वर्कशॉपचा रस्ता आतला आहे आणि त्यावर अर्जदार इतकी सावकाश जाते, की शेजारून चालणारी माणसे गप्पा मारत सोबत येतात. तपासनिसांनी हे शांतपणे ऐकून घेतले. मग चार बोटे जास्तीची जागा कशासाठी, असे विचारले. पती म्हणाले, "माया ठेवलीय." तपासनिसांनी लिहिले, 'वाढीव जागेचे समाधानकारक कारण देता आले नाही,' आणि त्याखाली संदर्भात दिलेला शेरा मारला. टाकी सोडवून बरोबर नेली. गाडी तेव्हापासून वर्कशॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी आहे, मान कापलेल्या कोंबडीसारखी.

७. त्यानंतर आपल्याकडून आदेश आला, की टाकी मूळ धातूसह मूळ स्थितीत आणावी व त्यासाठी कापून काढलेला तुकडा खिडकीवर हजर करावा. अर्जदारास येथे नमूद करणे भाग आहे, की त्या तुकड्याचा पतींनी मुलीसाठी खुळखुळा केला होता. पत्रा घासून, कडा मुडपून, आत सायकलचे छर्रे घालून. मुलीला दुसरे खेळणे नको असते. आदेश म्हणजे आदेश, म्हणून अर्जदाराने तिच्या हातातून तो काढून घेतला आणि खिडकीवर दिला. कारकुनांनी कानाशी धरून दोनदा वाजवला आणि दोऱ्याने चिठ्ठी बांधली : 'टाकी, उर्वरित भाग.'

८. टाकी मूळ स्थितीत आणण्यास पती तयार झाले. नाइलाज होता. परंतु त्यासाठी टाकी व तुकडा दोन्ही ताब्यात द्यावे, अशी विनंती केली असता कारकून म्हणाले, "मूळ स्थितीत आल्याशिवाय वस्तू सोडता येत नाहीत." पती म्हणाले, "मग इथंच ठोकू का?" कारकून म्हणाले, "कार्यालयात आवाज करायला मनाई आहे."

९. सदर टाकी सध्या खिडकीमागे, कारकुनांच्या टेबलाशेजारी ठेवलेली आहे. अर्जदाराने स्वतः पाहिले आहे, की तिच्या खोलगट भागात चहाचे दोन ग्लास ठेवले जातात आणि ते तिथे चपखल बसतात. म्हणजे त्या जागेला काही कारण नाही, असे आपल्या कार्यालयाचेही मत नसावे.

१०. कारकून मनाने वाईट नाहीत. गेल्या खेपेस त्यांनी अर्जदारास बाजूला बोलावून हळूच सुचवले, "ताई, नवीन कारण दाखवा. म्हणजे जुन्याच अर्जावर मंजुरी देता येईल. फाइल चालू आहे तोवर बघा." अर्जदाराने ही सूचना घरी सांगितली. पती हातोडी शोधायला उठले, ती त्यांच्या हातातच होती. सासूबाई, ज्यांनी गाडीबद्दल कधी चांगला शब्द काढला नव्हता, त्या म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, आमच्या घरात पोरं कचेरीच्या सोयीनं होत नाहीत. आणि आधी झालेलं तर बघा." आता त्या रोज विचारतात, टाकी आली का.

११. सासूबाईंचे गुडघे दुखतात. रांगत्या मुलीमागे त्यांना धावता येत नाही. त्यामुळे अर्जदार मुलीला कडेवर आणि सीट डोक्यावर घेऊन पायी जाते, आणि गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचेपर्यंत मुलीने अर्जदारास भिजवलेले असते किंवा अर्जदाराने घामाने मुलीला. दोन गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. गाडी परत रस्त्यावर आली नाही, तर शिलाईचे मशीन विकून घरी बसण्यावाचून अर्जदारास गत्यंतर नाही. तसे झाल्यास गाडीही लागणार नाही, टाकीही लागणार नाही आणि आपली फाइल समाधानकारकरीत्या बंद होईल. या तोडग्याकडे अर्जदार आपले लक्ष वेधते, कारण आजवर सुचवलेल्या सर्व तोडग्यांत नियमात बसणारा तो एकच दिसतो.

१२. तरी विनंती, की कारणाची नोंद 'पोट' ऐवजी 'मूल' अशी करून घ्यावी, खोलगट भाग आहे तसा मंजूर करावा आणि टाकी परत द्यावी. टाकीबाबत विचार चालू ठेवायचा असल्यास निदान खुळखुळा तरी सोडावा. त्यात पेट्रोल भरता येत नाही.

साहेब, आता अर्जदार वगैरे बाजूला ठेवते. खुळखुळा तुमच्या कारकुनांच्या ड्रॉवरमध्ये आहे. शिक्क्यासाठी, पेनसाठी त्यांनी ड्रॉवर ओढला की तो आतल्या आत वाजतो. मी बाकावर बसलेली असते. माझी लेक मांडीवर पेंगत असते, ती तेवढ्यात मान उचलते आणि खिडकीकडे बघून हसते. कारकुनांना वाटतं, ती त्यांना हसली. तेही हसतात, आणि ड्रॉवर लावून टाकतात. मग ती वाट बघत राहते. एवढे दिवस तुमच्या दारात बसून आम्हा मायलेकींना मिळालेलं उत्तर तेवढंच, आणि ते तिला मिळालं.

आपली, अजूनही नम्र,

(सही)
वरील टाकीची मालकीण

(उजव्या हातात मूल असल्याने सही डाव्या हाताने केली आहे. मूळ सहीशी जुळत नाही म्हणून अर्ज परत करू नये.)

दिनांक : आपला शिक्का पडेल तो.

सोबत :
१) टाकी कापण्यापूर्वीचा फोटो.
२) पोट होते, असा डॉक्टरीणबाईंचा दाखला.
३) कारण. कडेवर आणले आहे. पाहून लगेच परत करावे, जमा करून घेऊ नये.