आईंच्या इंग्रजीचा अहवाल, बाक क्रमांक दोनवरून

ती. ताईंना,

नमस्कार. तुम्ही वयाने मोठ्या, नात्याने नणंद आणि अंतराने दोन विमानं लांब, त्यामुळे तिन्ही कारणांनी वाकून. तुमची पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून फक्त पाहुणे आल्यावर येतो? इकडे सगळं ठीक. तुमच्या बंधुराजांचा गुडघा दुखतो, पण बाजारात जायचं असेल तेवढ्यापुरताच. हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, असं तुम्ही म्हणाल. तर आपल्या घरात फोन आईंच्या खुर्चीशेजारी असतो, आणि मोबाईल घेऊन मी गॅलरीत गेले की दोन मिनिटांत त्या ‘तिथे ऊन आहे’ म्हणून स्टूल घेऊन मागे येतात (एक स्टूल मला, एक त्यांना). म्हणून पत्र.

तीन महिन्यांपूर्वी तुम्ही सांगितलंत की आता आईंना कायमचं तुमच्याकडे न्यायचं. तिकीट या महिनाअखेरीला काढायचं. त्याआधी त्यांना थोडं इंग्रजी यायला हवं, कारण तुमच्या इमारतीत दिवसा मराठी बोलणारं कोणीच नसतं. त्यांना क्लासला घाल आणि प्रगती कळव, असं तुम्ही म्हणालात. कळवते. थोडक्यात सांगायचं तर तिकिटाची घाई नको. आता सविस्तर.

क्लास ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या माडीवर आहे. खालच्या इस्त्रीची वाफ फळ्यांच्या फटींतून वर येते, त्यामुळे तासाभराने बाहेर पडताना आमच्या कपड्यांच्या सुरकुत्या गेलेल्या असतात आणि कपाळावरच्या वाढलेल्या. नाव खरं तर आईंचंच घालायचं होतं. पण त्या म्हणाल्या, “मी एकटी शाळेत जाणार नाही. माझ्या आईनेसुद्धा मला एकटीला पाठवलं नव्हतं.” मग मीही घातलं. म्हटलं, ऑफिसातही उपयोग होईल. (आमच्या लिफ्ट कंपनीत तक्रारींची उत्तरं आता इंग्रजीतच द्यायची, असा नवा नियम निघालाय. मी क्लासच्या दुसऱ्याच आठवड्यात ‘इन केस ऑफ’ वापरून एका इमारतीला लेखी कळवलं की लिफ्ट अडकल्यास कृपया आतच थांबावं. तिथल्या एका गृहस्थांचा फोन आला, “बाई, बाहेर थांबायची सोय असती तर आम्ही तक्रार कशाला केली असती?”)

सर आहेत पंचविशीतले, पण आवाज पन्नाशीचा. ते सुटे शब्द शिकवत नाहीत. त्यांचं म्हणणं, इंग्रजी माणूस सुट्या शब्दांत बोलतच नाही, जुड्यांत बोलतो. ऑन बिहाफ ऑफ, इन स्पाइट ऑफ, इन्स्टेड ऑफ, अशा. भाजीवाल्यासारख्या त्या जुड्या ते दर सोमवारी दहा-दहा वाटतात. घरी जाऊन प्रत्येक जुडीचं एक वाक्य करायचं. वाक्य आपल्याच घरातलं हवं आणि खरं हवं, कारण खोट्या वाक्यातली जुडी दुसऱ्या दिवशी सुकते, असं त्यांचं मत. मग गुरुवारी वही शेजारच्याला तपासायला द्यायची आणि शेजाऱ्याने उभं राहून ती मोठ्याने वाचायची. आता ताई, माझ्या शेजारी कोण बसतं हे काही वेगळं सांगायला नको.

पहिल्या गुरुवारी मी आईंची वही हातात घेऊन उभी राहिले आणि ‘इन स्पाइट ऑफ’ वाचलं. (वाक्यं इंग्रजीत होती, मी मराठीत देते, नाहीतर तुम्ही पत्र बाजूला ठेवून चुका काढत बसाल.) दहा वेळा सांगूनही माझी सून ओला टॉवेल खुर्चीवर टाकते. हे मी वीस माणसांसमोर, माझ्याच तोंडाने, स्पष्ट उच्चारात वाचलं. सर म्हणाले, फारच छान, अगदी डोळ्यांसमोर उभं राहतं. पुढच्या बाकावरचे बस कंडक्टर मागे वळून माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मी बिनतिकिटाची बसले होते.

तसं मी मनात काही ठेवत नाही. पण पुढच्या गुरुवारी ‘इन्स्टेड ऑफ’ होतं. मी लिहिलं, माझ्या सासूबाई चष्मा शोधण्याऐवजी मला हाक मारतात. आईंनी ते वाचलं, चष्मा नाकावर सरकवला आणि पुढच्या वाक्याकडे गेल्या. त्यानंतर जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण तो गृहपाठ होता. ‘ऑन अकाउंट ऑफ’वर त्यांनी माझ्या फोडणीमुळे येणाऱ्या शिंकांचं वाक्य केलं, तर ‘बाय मीन्स ऑफ’वर मी त्यांच्या खोकल्याचं (घरात कोणाला कधी उठवायचं, कधी गप्प करायचं आणि कधी चहा टाकायला लावायचं, हे त्या एका खोकल्याच्या साहाय्याने करतात). बस कंडक्टर तर “सर, बाक क्रमांक दोन आधी घ्या, मला ड्युटीवर जायचंय,” असं म्हणायला लागले, आणि वाचून झालं तरी ड्युटीवर जाईनात. 

गंमत म्हणजे घरी येताना आम्ही दोघी रस्ताभर हसायचो. एकोणीस वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात काढली, पण एकमेकींचं काय खुपतं ते कधी तोंडाने बोललो नव्हतो. मी कपाटाची दारं जरा जोरात लावायचे आणि त्या जरा जास्तच हळू. त्या काळात हा क्लास असता तर निदान कपाटाच्या बिजागऱ्या तरी टिकल्या असत्या.

पण मूळ मुद्दा आईंच्या प्रगतीचा, आणि त्यात तुमच्या बंधुराजांचा अडथळा आला. त्यांनी एका रविवारी आमच्या दोघींच्या वह्या वाचल्या. त्यांना वाटलं होतं, त्यांना मध्ये पडून काहीतरी मिटवावं लागेल. पण वह्या वाचून झाल्यावर त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. त्यांनी मोजलं होतं. दोन्ही वह्यांत मिळून ते एकतीस वाक्यांत होते. त्यांतल्या अठ्ठावीस वाक्यांत ते बसलेले होते, दोनांत झोपलेले आणि एकात ‘आलोच’ म्हणून गेलेले. “आई, तुलाही मी असाच दिसतो?” त्यांनी विचारलं. आई म्हणाल्या, “अरे, सरांनी खरं लिहायला सांगितलंय.”

मग ताई, माणूस पेटला. पुढच्या आठवड्याच्या वाक्यांत आपण उभं असायचंच, या जिद्दीने त्यांनी स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करायला घेतला. पाना शेजारून आणला, गुडघा विसरले, ओट्याखाली शिरले आणि पाणी मुख्य नळाला बंद करायचं असतं ही गोष्ट नळ हातात आल्यावर त्यांच्या लक्षात आली. पाणी जे निघालं ते आमच्या ओट्यावरून, जमिनीवरून, खालच्या मजल्यावरच्या शिंपीमामांच्या कापायच्या टेबलावर गेलं. मामा वर आले ते एका हातावर अर्धा शिवलेला कोट घेऊन, आणि त्याची एकुलती एक बाही ठिबकत होती. तुमचे बंधुराज ओट्याखालून बाहेर येईनात. मी फडकी शोधत होते. तेव्हा आई दारात गेल्या, पदर खांद्यावर घेतला, ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ऑन बिहाफ ऑफ माय सन, अँड इन स्पाइट ऑफ माय सन, आय ॲम सॉरी.” मामांचा सगळा आवेश गळाला. “राहू दे हो काकू, सुकेल,” म्हणत ते खाली गेले. पण ताई, यावरून आईंना इंग्रजी येतं असं कृपया समजू नका. शिंपीमामांना इंग्रजीचा गंध नाही, त्यामुळे ते बरोबर होतं की चूक, हे सांगायला तिथे कोणीच नव्हतं.

मागच्या गुरुवारी परीक्षा झाली. निकाल लागायचा आहे. आईंचं अक्षर गिचमिड, उच्चार आपल्या वळणाचे, आणि कोणी चूक दाखवली तर त्या त्यालाच ‘परत एकदा बघा’ म्हणतात. अशा स्थितीत त्यांना परक्या मुलखात दिवसभर एकटं ठेवणं मला तरी बरं वाटत नाही. सरांची पुढची बॅच सहा महिन्यांनी आहे. ती झाली की बघू. तोवर तिकिटाचं राहू द्यावं. मुलांना पापे, भाऊजींना नमस्कार.

तुमची
धाकटी वहिनी

ता. क. परीक्षेचा निकाल लागायचा आहे असं वर लिहिलं, ते खरं नाही. निकाल शनिवारीच लागला. आई पहिल्या आल्या. मी चौथी (कंडक्टर तिसरे). सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की या बाईंना कुठेही नेऊन सोडा, त्या दोन दिवसांत शेजाऱ्यांची भांडणं मिटवतील आणि आठवड्यात नवी लावतील. पुढची बॅचही सहा महिन्यांनी नाही, पुढच्या सोमवारी आहे. अक्षर गिचमिड आहे, ते मात्र खरं.

ता. क. दुसरा. मी चौथी का आले तेही सांगते. परीक्षेच्या शेवटच्या कागदावर ‘इन द ॲब्सेन्स ऑफ’ होतं, अमुक माणूस नसताना. आईंनी झरझर लिहिलं की माझ्या मागे सून औषधं वेळेवर घेणार नाही आणि कोणी विचारणारही नाही. माझ्या डोक्यात एकच नाव आलं, आणि पुढे काही लिहिताच येईना. जागा कोरी सोडली. नियमाप्रमाणे कोऱ्या जागेला शून्य. परीक्षेतही तपासायचं शेजाऱ्यानेच, म्हणून माझा कागद आईंकडे होता. त्यांनी त्या कोऱ्या जागेकडे जरा वेळ बघितलं आणि तिथे बरोबरची खूण केली. सरांनी नंतर ती खोडली. 

ताई, तुम्ही लेक आहात, तुमचा हक्क पहिला, हे मला कळतं. म्हणून मी त्यांना ‘जाऊ नका’ असं एकदाही म्हटलेलं नाही. त्याही ‘जाते’ म्हणत नाहीत आणि ‘राहते’ही म्हणत नाहीत. विषय निघाला की घड्याळाकडे बघतात. मला वाटतं, त्या माझी वाट बघतात आणि मी तुमची. माझी विनंती एवढीच की त्यांना हवं तितके दिवस न्या, लाड करा, पण कायमचं नेऊ नका. हे त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी मागते आहे. पाकीट बंद करायला तुमच्या बंधुराजांकडे देते, म्हणजे माझा विचार बदलणार नाही.

ता. क. तिसरा, तुझ्या आईकडून. त्याला पाकीट चिकटवता येईना, म्हणून त्याने ते माझ्याकडे आणून दिलं. वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण आता मला तपासायची सवय लागली आहे. बाळ, मी तीन महिन्यांसाठी येते. परतीचं तिकीटही आत्ताच काढ. मी हे वाचलंय, असं तिला कळवू नकोस. तिने मला तोंडाने विचारायला हवं, आणि ती विचारेल, म्हणून मी दुपारपासून काही काम नसताना स्वयंपाकघरात बसून आहे.