आवाज उदयच्या गाडीचा, जोड माझा

लिहून ठेवतो मी, अच्युत विनायक देवतळे, वय वर्षे बावीस, शिक्षण इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष अर्धं, धंदा गाड्या दुरुस्ती, राहणार कारखान्याच्या टाउनशिपमधलं क्वार्टर, भोपाळ. डोकं ठिकाणावर आहे. नशापाणी केलेलं नाही. कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण रागावलेल्या माणसाने मृत्युपत्र करू नये असं कायद्यात कुठे नाही. वकिलाला विचारून घेतलं.

कारण असं की येत्या रविवारी विमानांच्या जुन्या धावपट्टीवर गाड्यांची शर्यत आहे आणि मी उतरतोय. आयोजकांच्या फॉर्मात ‘वारस’ या शब्दापुढे एकच ओळ सोडली आहे. माझं तेवढ्यात भागत नाही.

१. घर. माझं नाही, बाबांचंही नाही, कारखान्याचं आहे. बाबा रिटायर झाले की तेही जाईल. हे कलम इथेच संपलं.

२. माझी हत्यारं आणि मोटारसायकल धाकटी बहीण नलिनी हिला. आईने ‘मुलीच्या जातीला शोभत नाही’ वगैरे काढून तिला अडवू नये. नलिनी माझ्यापेक्षा बरी चालवते.

३. कॉलेजचे प्रा. विश्वनाथ सालपेकर यांना एक उत्तर. तोंडी परीक्षेत मी विचारलं होतं, ‘सर, सारख्याच ताकदीच्या तीन स्पोर्ट्स कार, एक गुरगुरते, एक किंचाळते, तिसरी ऐकूच येत नाही, हे कशाने?’ ते म्हणाले, ‘देवतळे, सिलॅबसमध्ये आहे का?’ पोरं हसली. मी जर्नल टेबलावर आपटून निघालो तो परत गेलो नाही. तर सर, ऐका. सिलिंडरमधला जळका वायू दाबाने सुटतो, दर वेळी एक ठोसा. ठोसे सारख्या अंतराने पडले आणि इंजिन जोरात फिरलं की किंचाळी; अडखळत पडले की गुरगुर. पुढे वाटेत टर्बो असला तर त्याचं चाक ठोशाचा जोर खातं. सायलेन्सर असला तर उरलेला तो गिळतो. दोन्ही नसले की सगळं रस्त्यावर. मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद नव्हे. पुष्कळदा नुसतं दार उघडं राहिलेलं असतं. आता घाला सिलॅबसमध्ये.

४. उदय मोहरील. बड्या साहेबांचा मुलगा, चौथीपासूनचा मित्र, आता नाही. त्याने दिल्लीहून जुनी लाल स्पोर्ट्स कार आणली, ती मांजरासारखी चालायची. ‘अच्च्या, इसको दहाड़ना चाहिए यार,’ म्हणाला. मी सायलेन्सर कापून सरळ पाइप टाकला, जोड स्वतः वेल्ड केला. दोन वर्षं सुचेता वझलवार माझ्या मोटारसायकलच्या आवाजावर फाटकात यायची. ती त्या दहाडण्यावर यायला लागली. एकदा त्याच्या गाडीत बसून मलाच म्हणाली, ‘हा आवाज तूच केलास ना? मस्त झालाय.’ माझ्या शर्यतीच्या गाडीला टर्बो आहे, म्हणून ती शांत चालते. तिला उदय ‘शिलाई मशीन’ म्हणतो, आणि सुचेता हसते.

उदयला मी त्याचा कापलेला सायलेन्सर देतो. उशाला घ्यावा. माझ्या तेराव्याला आला तर पंगतीत बसवावं, वरण-भात वाढावा, तूप वाढू नये.

५. हे कलम माझ्या मागेच त्याला वाचून दाखवावं. उदयच्या गाडीतला माझा जोड तडकला आहे. गेल्या महिन्यात गतिरोधकावर गाडी खालून घासली, तेव्हापासून ती सुरू होताना टकटक करते. मला आमच्या फाटकातून ऐकू येते. उदयला वाटतं आवाज वाढला, खूश आहे. मी बोललो नाही. शर्यतीत तोही उतरतोय; तिथे पाइप गळून पडावा आणि धावपट्टीला घासत जावा, सगळ्या टाउनशिपसमोर, एवढीच इच्छा. मात्र तडकलेल्या जोडातला धूर डाव्या सीटखालून आत येतो. काल नलिनी सांगत होती, सुचेताचं डोकं दुखतं, मळमळतं, घरचे म्हणतात चहा कमी कर. डाव्या सीटवर सुचेता बसते.

इथवर मंगळवारी लिहिलं. पुढचं शनिवारी लिहितोय.

ज्यांच्या आनंद नगरच्या गॅरेजात मी काम करतो ते गोपीनाथकाका बोंडे काल साक्षीला बसले, चष्मा लावला आणि सगळं वाचत सुटले. साक्षीदाराने फक्त माझी सही पाहायची असते, हे सांगून पाहिलं.

‘बाबू, रविवारी तू नाही मेला त?’

‘तर काय?’

‘त त्या पोरीले कोन सांगन?’ पेन त्यांनी टेबलावर ठेवलं. ‘धुराले वास राहते, त्यातल्या जहराले राहत नाही. जाय आधी. मंग करतो सही.’

गेलो. उदय त्याच्या फाटकात गाडीत, सुचेता डावीकडे, काचा बंद. म्हटलं, इंजिन बंद कर.

‘क्यों, जल गया? रविवारच्या आधीच?’

मी खाली सरपटलो. जोडाभोवतीची काजळी फडक्यावर घेतली, बाहेर आलो आणि ते फडकं उदयच्या पांढऱ्या शर्टावर पुसलं. एवढं मी स्वतःला दिलं. मग सुचेताला म्हटलं, ‘हा आवाज मस्त नाही. माझा जोड फुटलाय, धूर तुझ्या पायाशी येतोय. महिनाभर मला माहीत होतं.’

‘महिनाभर?’

ती उतरली आणि चालत घरी गेली. ना त्याच्याकडे बघितलं, ना माझ्याकडे.

संध्याकाळी उदय गाडी गॅरेजात सोडून गेला. मी पाइप काढला, सायलेन्सर परत बसवला. गाडी आता मांजर आहे. म्हणून कलम ४ मधली सायलेन्सरची देणगी रद्द. तुपाचं कायम.

६. माझी शर्यतीची गाडी, रविवारनंतर जेवढी उरेल तेवढी, सुचेता वझलवार हिला. तिने घ्यावीच असं नाही.

गोपीनाथकाका आता सही करायला तयार झाले. दुसरे साक्षीदार म्हणून बाबांना आणणार होतो, पण आज सकाळी सुचेता गॅरेजवर आली. काकांनीच कागद तिच्या हातात दिले. उभ्यानेच वाचले तिने.

‘प्रोफेसरांना एवढं समजावलंस. मला एक वाक्य सांगायला महिना?’

तिने शेवटचं पान उलटून पाहिलं.

‘दुसरी सही कोणाची?’

‘तू नको करूस. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सहावं कलम बुडेल.’

‘माहीत आहे. माझे बाबा लीगल सेक्शनला आहेत.’ तिने पेन घेतलं. ‘कर तुझी सही. मला तुझ्या मरण्यातून काही नको, अच्युत.’

मी केली. मग त्या दोघांनी केल्या. कलम ६ बुडालं. गाडी दुसऱ्या कोणाच्या नावे लिहायला हात होत नाही, तेव्हा रविवारी ती परत आणावी लागणार.

अच्युत विनायक देवतळे (सही)

आमच्यादेखत सही झाली :
१. गोपीनाथ बोंडे (सही)
२. सुचेता वझलवार (सही)

आनंद नगर, भोपाळ
शनिवार, ८ डिसेंबर २०१२